फरशी आणि फरशी घालणारा

घराचा विषय निघाला म्हणजे लोक छपराविषयीं बोलतात, भिंतींविषयीं बोलतात, दारें-खिडक्यांविषयीं तर आठ-आठ दिवस चर्चा चालते. पण ज्या जमिनीवर घरांतील प्रत्येक माणूस दिवसभर पाऊल ठेवतो, तिच्याविषयींचा निर्णय बहुधा दुकानांत उभ्या उभ्या एका तासांत होतो. रंग पसंत पडला, चकाकी डोळ्यांत भरली, पेट्या टेंपोंत चढल्या, कीं काम संपलें असें यजमानास वाटतें. वास्तविक तें तेथून सुरू होतें. टाईल हा केवळ माल आहे. ती बसविणाऱ्या गवंड्याचा हात लागल्यावांचून तिची फरशी होत नाहीं. हा गवंडी कसा शोधावा, त्याच्याशीं व्यवहार कसा ठरवावा, काम चालू असतांना काय पाहावें आणि पुढें फुटतूट झाल्यास दुरुस्ती कशी करवावी, याचा विचार आमच्या नामपूरसारख्या गांवांतील कुटुंबांच्या दृष्टीनें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

संस्कृतांत बांधीव जमिनीस 'कुट्टिम' असा शब्द आहे व तो अमरकोशाच्या पुरवर्गांत दिलेला आहे. कुटणें, ठोकणें या अर्थाचा धातु त्यांत स्पष्ट दिसतो. म्हणजे फरशीला नांव देतांना आपल्या पूर्वजांनीं तिच्या रंगाकडे किंवा तकाकीकडे पाहिलें नाहीं. खालची भूमि कुटून घट्ट करावी लागते, ही गोष्ट त्यांनीं ध्यानांत घेतली. आजची टाईल कितीहि नवी असली तरी तिलाहि हाच नियम लागू आहे.

जुनी जमीन आणि नवी टाईल

बागलाण तालुक्यांत, मोसम नदीच्या कांठीं असलेल्या आमच्या गांवांत जुनीं घरें मातीच्या भिंतींचीं आणि धाब्याचीं. त्यांची जमीन मुरूम व माती घालून, पाणी शिंपून, धुमसानें ठोकून केलेली असे आणि घरांतील स्त्रिया ती शेणानें सारवीत. खळगा पडला तर पुढच्या सारवणांत तो बुजे. त्यासाठीं बाहेरचा माणूस बोलवावा लागत नसे. पुढें कर्नाटकांतील शहाबादची फरशी आली. ती जाड दगडाची. खालचें काम थोडें कच्चें राहिलें तरी आपल्या जाडीच्या बळावर ती निभावून नेई. मुंबई-पुण्याकडे रंगीत सिमेंटच्या नक्षीदार फरश्या आल्या. पूर्वीं नक्षीच्या टाइल्स इंग्लंडांतील मिंटनसारख्या कारखान्यांतून येत. स्वदेशीच्या काळांत, १९२२ सालीं, सिधवा कुटुंबानें 'भारत' नांवाचा कारखाना काढून सिमेंटच्या फरश्या येथेंच करण्यास आरंभ केला. १९५८ सालीं जॉन्सन कंपनी भारतांत सिरॅमिक टाइलींच्या धंद्यांत उतरली, आणि पुढें गुजराथेंतील मोरवी शहराभोंवतीं शेंकडों कारखाने उभे राहिले. आज देशांत होणाऱ्या सिरॅमिक टाइलींचा फार मोठा भाग मोरवीचा असतो.

या टाइलीचा स्वभाव शहाबादी फरशीहून अगदीं निराळा आहे. ती भट्टींत भाजलेल्या मातीची, आठ-दहा मिलिमीटर जाडीची पातळ तबकडी होय. ती कठीण आहे, पण वांकत नाहीं. खालीं सर्वत्र आधार असला तर वर कपाट ठेवा, पलंग ठेवा, ती तक्रार करीत नाहीं. पण एका कोपऱ्याखालीं पोकळी राहिली आणि त्यावर पाण्याचा भरलेला हंडा आदळला, तर तो कोपरा गेलाच म्हणून समजावें. गवंड्याची जी चूक शहाबादी फरशी पोटांत घालीत असे, ती टाईल घालीत नाहीं. पूर्वीपेक्षां आज कारागिराची पारख अधिक काळजीनें करावी लागते, तिचें कारण हें आहे.

एक साधा प्रश्न

बाजारांत टाइलींचे दोन मुख्य प्रकार मिळतात. एक साधी सिरॅमिक टाईल, जी बहुधा भिंतीला लावतात. तिच्या मातींत सूक्ष्म छिद्रें असतात व ती आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहूनहि अधिक पाणी पिऊं शकते. दुसरी व्हिट्रिफाइड टाईल. ती अधिक उष्णतेंत भाजल्यामुळें तिची माती जवळजवळ कांचेसारखी एकजीव होते आणि ती अर्धा टक्कासुद्धां पाणी पीत नाहीं. डाग पडत नाहींत, झिजत नाहीं, म्हणून जमिनीला ती चांगली. पण ज्या गुणामुळें ती चांगली, त्याच गुणामुळें ती बसविण्यास अवघड. सिमेंटचा माल टाइलीच्या छिद्रांत शिरून तिला धरतो. छिद्रेंच नसलीं तर त्यानें धरावें कशास? म्हणून अशा टाइलीसाठीं 'अडेसिव्ह' नांवाची खास पूड पाण्यांत कालवून वापरतात. तिला आय.एस. १५४७७ हें भारतीय मानक आहे, आणि टाइलीला आय.एस. १५६२२. पोत्यावर व पेटीवर हे आंकडे आहेत कीं नाहींत, तें पाहून घ्यावें.

चिकटविण्याचे लेप हें कांहीं नवें खूळ नव्हे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वज्रलेपावर स्वतंत्र अध्याय आहे व त्यांत कच्चें कवठ, सांवरीचीं फुलें, गुग्गुळ, राळ, जवस, बेल इत्यादि द्रव्यें सांगितलीं आहेत. तेव्हां आमचे आजोबा सिमेंटावर काम करीत, हें नवें कशाला, असा हट्ट जुन्या परंपरेच्या नांवानें तरी कोणीं धरूं नये.

गवंड्याची पहिली परीक्षा याच ठिकाणीं होते. त्याला टाईल दाखवून सहज विचारावें, "मिस्त्री, ही भिजवावी लागेल का?" भिंतीची साधी टाईल सिमेंटावर लावावयाची असेल तर ती आधीं पाण्यांत बुडवून ठेवली पाहिजे, नाहीं तर ती मालांतील पाणी शोषून घेते व सिमेंट कोरडें पडून पकड सोडतें. व्हिट्रिफाइड टाईल भिजवून उपयोग नाहीं. जो गवंडी टाईल उलटी करून, तिच्या पाठीवर दोन थेंब पाणी टाकून मग उत्तर देतो, तो जाणता समजावा. "आपण सगळें सिमेंटावरच ठोकतों, कांहीं होत नाहीं," असें जो म्हणतो, त्याला नमस्कार करून वाटेला लावावें.

गांवांतलाच माणूस कां?

फरशीच्या कामाचें एक वैशिष्ट्य असें कीं, त्यांतील महत्त्वाचा भाग काम संपतांच झांकला जातो. रंगाऱ्यानें वाईट रंग दिला तर त्याच दिवशीं दिसतो; सुताराचें दार लागलें नाहीं तर त्याच दिवशीं कळतें. फरशीखालची पोकळी मात्र सहा महिन्यांनीं, वर्षानें बोलूं लागते. तोंपर्यंत कारागीर कोठें असेल? तो चार कोसांवर राहत असेल, आठवड्याच्या बाजारांत आपणांस भेटत असेल, त्याची मुलें आपल्या मुलांच्या शाळेंत जात असतील, तर तो येऊन पाहून जातो. येथें कागदी हमीपेक्षां ओळखीची हमी अधिक चालते.

गांवांतला म्हणजे जातीचा किंवा जन्माचा गांवांतला, असा आमच्या म्हणण्याचा अर्थ नाहीं. टाइलीच्या कामांत राजस्थान, उत्तर प्रदेश येथून आलेले कित्येक कारागीर अतिशय निष्णात असतात. त्यांतील कोणी येथें बिऱ्हाड करून राहिला असेल, तर तोहि गांवचाच. मुद्दा इतकाच कीं, केलेल्या कामाबद्दल विचारावयास गेलों तर तो सांपडला पाहिजे.

दुसरेंहि एक कारण आहे. येथल्या मातीची ओळख येथल्या माणसास असते. आपल्याकडील काळी माती पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. अशा मातीवर सरळ कोबा करून टाइल्स बसविल्या तर दोन पावसाळ्यांत त्या खालींवर होऊं लागतात. म्हणून काळी माती खणून काढून तेथें मुरूम भरावा, त्याचे थर पाणी मारून धुमसानें ठोकावे व मग कोबा करावा. नदीकांठच्या घरांत ओल कोठून चढते, हेंहि स्थानिक गवंडी अनुभवानें सांगूं शकतो. तसेंच हंगामाचें. कांद्याची काढणी आणि डाळिंबाची तोडणी यांच्या दिवसांत बिगारी मिळत नाहीं. लग्नाची तिथि पंधरा दिवसांवर आली असतां फरशी उकरण्यास काढणें म्हणजे स्वतः होऊन संकट ओढवून घेणें होय. आमच्या मतें मांडवाच्या तिथीपूर्वीं दोन महिने तरी गवंड्यास बोलावावें.

त्याचें जुनें काम पाहावें

गवंडी ठरविण्यापूर्वीं त्याचीं दोन-तीन कामें पाहावीं. एक यंदाचें आणि एक तरी तीन-चार वर्षांपूर्वींचें. नवें काम सर्वांचेंच सुंदर दिसतें. जुन्या कामाचीच साक्ष खरी. तेथें पादत्राणें काढून अनवाणी चालावें. एका टाइलीची कड दुसरीपेक्षां वर आली असेल तर डोळ्यांच्या आधीं तळपायास कळतें. नंतर एक रुपयाचें नाणें घेऊन चार-सहा ठिकाणीं ठोकून पाहावें. भरीव टाइलीचा आवाज घट्ट व बारीक येतो, पोकळ टाइलीचा मडक्यासारखा घुमतो. स्वयंपाकघराचे कोपरे, उंबऱ्याजवळची जागा आणि न्हाणीघराच्या मोरीचें तोंड, हीं ठिकाणें विसरूं नयेत. कारण हाताखालच्या पोराच्या हातीं काम सोंपविलें असेल तर तें तेथेंच उघडें पडतें.

आणि प्रश्न त्या घरच्या यजमानास न विचारतां गृहिणीस विचारावा. फरशी रोज पुसते ती. पाणी कोठें सांचतें, कोणत्या सांध्यांत मळ धरतो, कोणती टाईल हलते, हें तिला पाठ असतें. यजमान बहुधा आपण किती रुपये घातले तेवढेंच सांगेल.

मोजमाप व करार

गणित आधीं घरींच करावें. समजा, खोली १२ फूट लांब व १० फूट रुंद आहे. क्षेत्रफळ १२० चौरस फूट झालें. भिंतीच्या पायथ्याशीं चार इंच उंचीची पट्टी, जिला स्कर्टिंग म्हणतात, ती दाराचे तीन फूट सोडून ४१ फूट लागेल. म्हणजे सुमारें १४ चौरस फूट. एकूण १३४. कापाकापींत वायां जाणारा माल दहा टक्के धरला तर सुमारें १४७ चौरस फूट. आतां दुकानदार जिला 'दोन बाय दोन' म्हणतो, ती टाईल खरी ६०० मिलिमीटरची, म्हणजे दोन फुटांस किंचित् कमी असते. त्यामुळें चार टाइलींच्या पेटींत १६ नव्हे, साडेपंधरा चौरस फूट माल येतो. या हिशेबानें दहा पेट्या लागतील. सर्व पेट्यांवरील बॅच व छटा यांचे आंकडे एकच आहेत ना, हें दुकानांतच पाहावें. कारण एकाच नांवाची टाईल दुसऱ्या भट्टींतून निघाली कीं रंगांत फरक पडतो. उरलेल्या टाइल्स विकूं नयेत, परत करूं नयेत. चार-सहा टाइल्स माळ्यावर जपून ठेवाव्या. पांच वर्षांनीं एक टाईल फुटली तर तीच नक्षी बाजारांत मिळेल, अशी आशा नसावी.

मजुरी चौरस फुटावर ठरविण्याची रीति आहे. लहान कामास रोजानें. उक्तें काम दिल्यास गवंडी घाई करतो, रोजानें दिल्यास रेंगाळतो, अशी दोन्हीकडून तक्रार ऐकूं येते. आमच्या मतें मोठ्या खोल्या चौरस फुटावर द्याव्या आणि न्हाणीघर, देवघर, पायऱ्या यांसारखीं नाजूक कामें रोजानें करून घ्यावीं. एका साध्या कागदावर पुढील गोष्टी लिहाव्या: दर काय, स्कर्टिंगचा दर निराळा कीं त्यांतच, जुनी फरशी उकरून राडारोडा कोणीं उचलावा, वाळू, सिमेंट व अडेसिव्ह कोणीं आणावें, बिगाऱ्याची मजुरी कोणाकडे, सांधे भरण्याचें काम दरांत आहे कीं नाहीं. हा कागद अविश्वासासाठीं नसून स्मरणासाठीं आहे, असें त्यास प्रथमच सांगावें. विसार थोडा द्यावा, मधले पैसे कामाच्या मानानें देत जावे, आणि दहावा हिस्सा सर्व खोल्या ठोकून पाहून, मोरींत पाणी ओतून पाहिल्यावर द्यावा. मात्र तो द्यावयाचा दिवस ठरविला कीं त्या दिवशीं द्यावा. सुशिक्षित घरांतून गवंड्याच्या शेवटच्या पैशांसाठीं त्याला चार खेपा घालावयास लावतात, ही गोष्ट आम्हांस लज्जास्पद वाटते.

काम चालू असतां

चांगला गवंडी आल्याबरोबर टाईल लावण्यास बसत नाहीं. तो पाण्याच्या नळीनें सर्व खोल्यांची पातळी काढतो, भिंतींवर खुणा करतो, गुण्यानें कोपरे पाहतो आणि एक ओळ कोरडीच मांडून तुकडे कोठें येतील तें ठरवितो. अखंड टाइल्स दारासमोर आणि कापलेले तुकडे कपाटामागें जावे, अशी त्याची योजना असते. या अर्ध्या दिवसांत कांहीं काम दिसत नाहीं म्हणून यजमानानें अधीर होऊं नये.

पुढें दोन गोष्टींवर नजर ठेवावी. पहिली, टाइलीखालचा माल सर्व पृष्ठभागावर पसरला पाहिजे. कित्येक कारागीर मालाचे पांच गोळे ठेवून त्यांवर टाईल दाबतात. काम झपाट्यानें होतें, पातळीहि चटकन् साधते, परंतु गोळ्यांच्या मधली सारी जागा पोकळ राहते. नुकतीच बसविलेली एखादी टाईल उचलून दाखवावयास सांगावें. तिची पाठ सर्वत्र लडबडलेली असली पाहिजे. दुसरी गोष्ट, दोन टाइलींमध्यें दोन-तीन मिलिमीटर फट सोडलीच पाहिजे व भिंतीलगत थोडी अधिक. टाईल टाइलीस भिडवून 'सांधा दिसूंच देऊं नका' असा आग्रह पुष्कळ यजमान धरतात. आपल्याकडे उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांच्या पुढें जातो व हिवाळ्यांत पहांटे फार उतरतो. इतक्या फरकांत फरशी फुगते, आकसते. तिला हलावयास जागा नसली तर मधल्या टाइल्स एके दिवशीं मोठा आवाज होऊन तंबूसारख्या वर उठतात. सांधे दुसऱ्या दिवशीं भरावे आणि तोंवर त्या खोलींत कोणीं पाऊल ठेवूं नये. एकत्र कुटुंबांत हा नियम पाळणें कठीण असतें. तेव्हां काम एका वेळीं एकाच खोलीचें काढावें आणि दारांत पाट आडवा ठेवावा.

न्हाणीघर आणि घरांतील वृद्ध

मयसभेंत दुर्योधनाला स्फटिकाची जमीन पाण्यासारखी दिसली आणि पाणी जमिनीसारखें. त्या फजितीचा परिणाम काय झाला हें सर्वांस ठाऊक आहे. आज प्रत्येक घरांत छोटी मयसभा आली आहे. आरशासारख्या फरशीवर सांडलेलें पाणी चष्मा लावणाऱ्या म्हाताऱ्या माणसास दिसत नाहीं. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत मुलाच्या लग्नासाठीं न्हाणीघरापर्यंत सर्वत्र चकचकीत टाइल्स घातल्या. चातुर्मासांत पहांटे स्नान करून बाहेर येणाऱ्या आजीचा पाय घसरला व खुब्याचें हाड मोडलें. त्या घरीं फरशीवर जो खर्च झाला होता, त्याहून अधिक शस्त्रक्रियेवर झाला. आणि आजी पुन्हां काठीवांचून चालल्या नाहींत.

म्हणून न्हाणीघर, मोरी, अंगण आणि देवघरापुढची जागा येथें खरबरीत पृष्ठाचीच टाईल घ्यावी. पेटीवर आर ९ पासून आर १३ पर्यंत घसरणीचे आंकडे कधीं कधीं दिलेले असतात. आंकडा जितका मोठा तितकी पकड अधिक. आंकडा नसला तर दुकानांतच टाइलीवर पाणी ओतून ओल्या तळपायानें दाबून पाहावें. यांत संकोच कसला? न्हाणीघरांत लहान आकाराच्या टाइल्स बऱ्या; त्यांचे सांधे अधिक असल्यानें पाय धरतो व उतारहि नीट साधतो. उतार सहा ते आठ फुटांस एक इंच, आणि तो मोरीकडेच. टाइल्स बसविण्यापूर्वीं खालीं पाणी न मुरणारा लेप देऊन, मोरीचें तोंड बंद करून, एक दिवस-रात्र पाणी भरून ठेवावें व बाहेरच्या भिंतीस ओल येते का तें पाहावें. ओल आलीच तर ती त्या दिवशीं शंभर रुपयांत थांबते. टाइल्स बसल्यावर तिला हजारहि पुरत नाहींत.

दुरुस्ती

फुटलेली टाईल बदलण्यापूर्वीं ती कां फुटली हें पाहावें. एकच टाईल तडकली असेल व आवाज पोकळ असेल, तर मूळच्या कामांतील उणीव समजावी. तडा चार-पांच टाइलींतून एका रेषेंत गेला असेल, तर खालचा भराव बसला आहे. तेथें नुसती टाईल बदलणें म्हणजे ताप तसाच ठेवून घाम पुसणें होय. मधल्या टाइल्स वर उठल्या असतील, तर सांधे सोडलेले नाहींत. त्याच टाइल्स तशाच भिडवून बसविल्या तर त्या पुन्हां उठणारच. सांध्यांतून पांढरा लोणा फुटत असेल, तर ओल खालून येत आहे. तेव्हां गवंड्याच्या आधीं नळवाल्यास बोलावून नळ तपासावे.

एक टाईल काढतांना प्रथम चारी बाजूंचा सांधा खरवडून मोकळा करावा, मग मध्यभागीं छिद्र पाडून छिन्नीनें मधून कडेकडे फोडीत जावें. कडेपासून आरंभ केला तर शेजारची टाईल जाते. खालचा जुना माल पूर्ण उकरून मगच नवी बसवावी. शिल्लक टाईल नसेल तर कपाटाखालची एक अखंड टाईल काढून दर्शनी जागीं बसवावी आणि कपाटाखालीं मिळेल ती घालावी.

अडचण अशी होते कीं, एका टाइलीसाठीं कोणी गवंडी येत नाहीं. त्याचा दिवस मोडतो आणि हत्यारें आणण्याचाहि खर्च निघत नाहीं. त्यावर उपाय म्हणून शेजारच्या तीन-चार घरांनीं आपलीं बारीक कामें एकत्र करावीं, एक दिवस ठरवावा व सर्वांनीं मिळून त्याला पुऱ्या दिवसाची मजुरी द्यावी. आळींत असें एकदां जमलें कीं दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं तसें करण्याची वहिवाट पडते. गृहिणींसहि एक सूचना करावीशी वाटते. डाग काढण्यासाठीं फरशीवर ॲसिड ओतूं नये. टाइलीला कांहीं होत नाहीं, पण सिमेंटचे सांधे खाल्ले जातात व पाणी खालीं उतरूं लागतें. ॲसिड आणि ब्लीचिंगची पूड तर एकत्र कधींच करूं नये. त्यांतून निघणारा वायु विषारी असतो.

कारागिराचा जीव आणि मान

आतां शेवटचा मुद्दा, जो सर्वांत कमी लोकांच्या मनांत येतो. विजेच्या कटरनें टाईल कोरडी कापली म्हणजे पांढऱ्या धुळीचा लोट उठतो. त्या धुळींत सिलिका असते. ती वर्षानुवर्षें छातींत गेली कीं फुप्फुसें कठीण होऊं लागतात. या रोगास सिलिकोसिस म्हणतात आणि तो बरा करणारें औषध नाहीं. तोंडाला बांधलेला रुमाल ही बारीक धूळ अडवीत नाहीं. यजमानानें दोन गोष्टी केल्या तरी पुष्कळ होईल: कापण्याचें काम पाण्याची धार सोडून व घराबाहेर करावयास सांगावें, आणि धूळ अडविणारे चांगले मास्क आपल्या खर्चानें आणून द्यावे. कापतांना वेळ थोडा अधिक लागतो. तो आपण सोसावा. धूळ आपल्या मुलांच्याहि श्वासांत जात नाहीं, हा लाभ आहेच.

इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठीं १९९६ सालीं कायदा झाला व त्यानुसार महाराष्ट्रांत कल्याणकारी मंडळ स्थापन झालें. १८ ते ६० वर्षें वयाच्या व मागील वर्षांत ९० दिवस काम केलेल्या कामगारास तेथें नोंदणी करतां येते. केंद्र सरकारनें २०२३ सालीं सुरू केलेल्या विश्वकर्मा योजनेंतील अठरा व्यवसायांत गवंड्याचाहि समावेश आहे. हे अर्ज भरणें पुष्कळ कारागिरांस जड जातें. ज्या घरांत चार पदवीधर आहेत, त्या घरानें आपल्या गवंड्याचा अर्ज अर्धा तास बसून भरून दिला, तर दोन टाइलींच्या सवलतीपेक्षां ती मोठी गोष्ट होईल.

आणि चहा देतांना कप निराळा काढूं नये. आपल्या देवघराची जमीन ज्याच्या हातांनीं घडली, त्याच्या हातीं घरचाच कप देण्यास संकोच वाटत असेल, तर तो संकोच आपणच तपासून पाहावा. असा मान मिळालेला कारागीर हाक मारली म्हणजे येतो, पोकळ वाटलेली टाईल स्वतः होऊन उचलून पुन्हां बसवितो, आणि ज्या जागीं कोणाचीच दृष्टि जाणार नाहीं तेथेंहि माल पुरा पसरतो. फरशी टिकते ती अशा माणसाच्या हातून झालेली.